मा. महिला व बालविकास मंत्री यांना खुले पत्र: आमचे साठ दिवस कुठे गेले?

स. न. वि. वि.

काल मला सोळावी तारीख मिळाली. समोरचे वकील आले नव्हते, एवढंच कारण.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 12 मला आता पाठ आहे. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत, निकाल त्यानंतर साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न. हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. माझ्या अर्जाला तीन वर्षं होत आली. अंतरिम पोटगीचा आदेश निघाला, पैसे आले नाहीत. वसुलीसाठी वेगळा अर्ज, त्याच्या वेगळ्या तारखा.

घटनेचा अहवाल भरून घ्यायला मी संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे या कायद्याखाली पीडितेच्या मदतीला नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, पाच खेपा घातल्या. त्या बाईंकडे आणखी दोन टेबलांचा चार्ज होता. राग त्यांच्यावर नाही, तुमच्यावर आहे. जिथे संरक्षण अधिकारी नाहीत तिथे सहा आठवड्यांत नेमा, हे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. इतकी वर्षं तुमचं खातं काय करत होतं?

आणि जुलै 2025 मध्ये त्याच न्यायालयाने 498अ च्या, म्हणजे नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाच्या प्रकरणांत दोन महिन्यांची मुदत मान्य केली. तोवर अटक नाही, प्रकरण कुटुंब कल्याण समितीपुढे. अशाच समित्या 2017 मध्ये आणून 2018 मध्ये रद्द केल्या होत्या. दोन महिने म्हणजे साठच दिवस ना? आमचे साठ दिवस कुणी मोजत नाही, आरोपींचे मात्र एकेक दिवस मोजून पाळले जातील.

त्या दोन महिन्यांत तक्रार केलेली बाई झोपते कुठे, हे कुणी विचारलं का? मी तक्रार दिली त्या रात्री दाराला कपाट सरकवून, मुलीला कुशीत घेऊन सकाळपर्यंत जागी होते. पोलीस ठाण्यात, समुपदेशनात, कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळे एकच सांगतात, "ताई, जरा विचार करा, संसार मोडू नका." अकरा वर्षं विचारच केला होता हो!

बायका खोट्या केसेस करतात म्हणे. 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वाचा. 100 विवाहितांत 29 जणींनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम 14 टक्के. बाकीच्या गप्प आहेत, त्यांचा हिशेब कोण ठेवतं?

पूर्णवेळ संरक्षण अधिकारी द्या. साठ दिवस ओलांडलेल्या अर्जांची यादी जाहीर करा. दोन महिन्यांच्या मुदतीविरुद्ध सरकारने न्यायालयात उभं राहावं.

पुढची तारीख मुलीच्या परीक्षेच्या दिवशी आली आहे. तिला शेजारच्या काकू घेऊन जातील. मी कोर्टात असेन.

एक अर्जदार