तीन पट्ट्यांचं काय ते

कोथरूड, पुणे

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

तू शुद्ध केलेल्या एन्झाइमच्या जेलचा (प्रथिनं आकाराप्रमाणे पट्ट्यांत वेगळी दिसतात त्याचा) फोटो मिळाला. ‘कॉलम फसला, तीन पट्ट्या आल्या’ हे वाचून मला हसू आलं. अरे, डीसल्फोव्हिरिडिन आहे ते, सल्फाइटचं सल्फाइड करणारं जिवाणूंचं एन्झाइम, आणि ते तीन प्रकारच्या तुकड्यांचं असतं! अल्फा सुमारे ५० किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं माप), बीटा त्याच्या थोडं खाली, आणि तळाशी ११च्या आसपासचं चिमुकलं डीएसआरसी. एसडीएस (प्रथिनाचे तुकडे सुटे करणारा साबण) घालून उकळल्यावर सुटे झाले, ते सुटेच दिसणार. वरच्या दोन पट्ट्या सारख्याच गडद आहेत. भेसळीची प्रथिनं असा हिशेब पाळत नाहीत. तरी खात्री करच. नेटिव्ह जेलवर, म्हणजे एसडीएसशिवाय, एक पट्टी आली आणि जेल फिल्ट्रेशनमध्ये (आकाराप्रमाणे वेगळं करणाऱ्या कॉलमवर) माल २०० किलोडाल्टनच्या आसपास उतरला, की गाइडसमोर निर्धास्त बस. ती खालची पट्टी मात्र ‘अशुद्धी’ म्हणून खोडू नकोस. पेशीत सल्फाइटमधलं गंधक शेवटी डीएसआरसीवरच चढतं.

एन्झाइम हिरवं असणं ही केवढी सोय! कॉलमवरून उतरताना नुसत्या डोळ्यांना दिसतं. प्रत्येक फ्रॅक्शनचं (कॉलमवरून उतरलेल्या भागाचं) प्रकाशशोषण २८० नॅनोमीटरला, म्हणजे एकूण प्रथिन, आणि ६३०ला, म्हणजे एन्झाइमचा रंग, दोन्ही वाच. ६३० भागिले २८० हा आकडा पायरीगणिक चढला पाहिजे. एका थेंबात सोडियम हायड्रॉक्साइड घालून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धर, लाल चमकेल. पोस्टगेट यांनी १९५९ साली हीच खूण डीसल्फोव्हिब्रिओ हे जिवाणू ओळखायला सुचवली. तो थेंब अर्थातच वाया.

पण रंग दिसला म्हणजे एन्झाइम काम करतंय असं नाही. अॅक्टिव्हिटी वेगळी मोज, आणि ती ऑक्सिजन न शिरू देता. एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारं मिथाइल व्हायोलोजेन निळं करायला, म्हणजे त्यात इलेक्ट्रॉन भरायला, डायथायोनाइट वापरतोयस का? त्यातून सल्फाइटच तयार होतं, मग तुझा केएम (एन्झाइमला किती सल्फाइट लागतं ते सांगणारा आकडा) कशाचा? हायड्रोजन आणि त्यातले इलेक्ट्रॉन काढून देणारं एन्झाइम हायड्रोजनेज वापर. हातमोजे घाल, मिथाइल व्हायोलोजेनच शेतात पॅराक्वाट म्हणून फवारतात, आणि ते पोटात गेलेली माणसं बहुधा वाचत नाहीत. (हे मी आई म्हणून लिहिते आहे, बायोकेमिस्ट म्हणून नाही.) शिवाय परीक्षानळीत नुसतं सल्फाइड मिळत नाही, ट्रायथायोनेट आणि थायोसल्फेटही येतात. जे मोजलंस तेवढंच लिही.

शुद्धीकरणाचा तक्ता अजून पाठवला नाहीस. शेवटी हाती आलेला माल कमी म्हणून लपवतोयस, माझा अंदाज. अमोनियम सल्फेट, डायलिसिस, डीईएईचा कॉलम, मग जेल फिल्ट्रेशन, एवढ्या पायऱ्यांत गळती व्हायचीच. विशिष्ट अॅक्टिव्हिटी (दर मिलिग्रॅम प्रथिनामागची) चढती असेल तर मला तो तक्ता चालेल.

बाबा रोज मुठेकाठी फिरायला जातात आणि नाक दाबून परत येतात. गाळातले तुझेच जंतू सल्फेटचं सल्फाइड करतात, असं काल त्यांना सांगितलं. म्हणाले, मग त्याला सांग, आधी हे बंद कर.

नेटिव्ह जेलचा फोटो पाठवशील तेव्हा मार्करच्या (माहीत वजनाच्या प्रथिनांच्या) लेनवर आकडे लिही. मागच्या फोटोत ते मला अंदाजाने लावावे लागले.

तुझी,
आई