नवख्या खेळाडूंना दार लावता येईल अशी खोली द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टीतली शिबिरं आणि खेळ-कॉमिक संमेलनं यांच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. एकदा सभागृहात कोणाला कुठे बसवायचं हे ठरलं की मग कोणी ऐकून घेत नाही. अशा संमेलनांमध्ये टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ मी चालवते. मुलं त्याला ‘डी अँड डी’ (डंजन्स अँड ड्रॅगन्स) किंवा नुसतं ‘आरपीजी’ (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र होऊन खेळायचा खेळ) म्हणतात. माझ्या टेबलावर बहुतेक जण हा खेळ पहिल्यांदाच खेळत असतात. एरवी मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. आयोजकांकडे माझं मागणं आहे ते या नवख्या खेळाडूंसाठी: त्यांचं टेबल मंचाजवळ मांडू नका, दार लावता येईल अशा खोलीत मांडा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच खेळाडू असतात आणि खेळ चालवणारा एक गेम मास्टर. तो प्रसंग उभा करतो, आणि आपलं पात्र आता काय करतं हे प्रत्येक खेळाडू सांगतो. जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि अवघड कामाला २० गाठायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन खेळाडूंनी १९७४ साली हा खेळ छापून बाहेर आणला. त्याच्या सहा वर्षं आधी, १९६८ मध्ये, गायगॅक्स यांनी लेक जिनिव्हा या आपल्या गावी ‘जेन कॉन’ नावाचं खेळांचं संमेलन सुरू केलं होतं, ते आजही भरतं. म्हणजे अनोळखी माणसांनी एकत्र बसून खेळणं हे या खेळाच्या घडणीतच आहे, आणि म्हणून संमेलनात त्याला जागा मिळते याचा मला आनंदच आहे.

फक्त ती जागा कुठे, हा प्रश्न आहे. या खेळात पडदा नाही, बटणं नाहीत, बहुतेक वेळा पटही नसतो. सगळं बोलण्यावर आणि ऐकण्यावर चालतं. शहरातल्या एका संमेलनात आमचं टेबल मंचाच्या डाव्या अंगाला होतं. मंचावर वेशभूषा स्पर्धा चालू होती आणि ध्वनिक्षेपकाचं तोंड आमच्याकडे. आठवीतली एक मुलगी हातात पात्राचा कागद धरून काहीतरी सुचवत होती. मी पुढे वाकले, पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, तेवढ्यात टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, ‘काही नाही.’ त्यानंतर दोन तास ती फक्त तिची पाळी आली की फासा टाकत राहिली. तिला काय सुचलं होतं ते मला आजही माहीत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. कीर्तन आणि ऑर्केस्ट्रा एका मांडवात कोणी ठेवत नाही, मग हे का?

दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला वरच्या मजल्यावरचा वर्ग मिळाला. पंखे, बाकं, एक फळा, आणि लागणारं दार. तिथे काय झालं ते जरा सविस्तर सांगते.

नवख्यांसाठी मी गोष्ट नाशिकचीच घेते. परक्या मुलखातले किल्ले आणि सराया समजावण्यात अर्धा तास जातो आणि शेवटी चित्र गेम मास्टरच्याच डोक्यात राहतं. त्याऐवजी मी रहाड घेते. जुन्या नाशकात पेशवाईपासूनच्या दगडी रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे हौद, वर्षभर रस्त्याखाली बंद असतात, वरून रिक्षा आणि दुचाक्या जातात, आणि रंगपंचमीला त्या उघडून लोक रंगाच्या पाण्यात धप्पा मारतात. माझ्या खेळात रहाड उघडायच्या आदल्या रात्री तिवंधा चौकात जमिनीखालून कोणीतरी ठोठावतं. एवढं सांगितलं की टेबलावरचं प्रत्येक जण त्या चौकात जाऊन उभं राहतं. कोणाचे मामा तिथेच राहतात, कोणी तिथे लहानपणी घाबरून रडलेलं असतं.

त्या दिवशी एक खेळाडू कमी होता. नातवाला घेऊन आलेल्या पंचवटीतल्या एक आजी दाराजवळ बसल्या होत्या. ‘मला यातलं काही येत नाही हो,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘काही यावं लागत नाही, आजी. तुम्ही रहाडीच्या तोंडाशी उभ्या आहात. रात्रीचे दोन वाजलेत. आतून तुमच्या नावाने हाक येतेय. काय करता?’

आजींनी क्षणभरही विचार केला नाही. ‘पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल.’

मी बेतलेल्या गोष्टीत हे नव्हतं. पण त्या घडीला तो खेळाचा नियम झाला: आत जे काही आहे त्याला तिसरी हाक मारताच येत नाही. मग मुलांनी त्यावरूनच खरी माणसं आणि सोंगं ओळखायला सुरुवात केली. एकाने तर आपल्याच साथीदाराला अंधारात थांबवून ‘तीनदा नाव घे’ म्हणून अडवलं. आजी हे वाक्य अगदी हळू बोलल्या होत्या. दार लावलेलं होतं म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

खोलीइतकाच महत्त्वाचा आहे वेळ. ‘एकेक तासाच्या बॅचेस करा, जास्त मुलं होतील,’ असं आयोजक सुचवतात. त्यामागची भावना चांगली आहे, पण तासाभरात गोष्ट चौकातून रहाडीत उतरतही नाही. तीन तास हवेत, चार मिळाले तर उत्तम. टेबलावर पाच, फार तर सहा जण. आणि ‘पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी’ अशी पाटी लावलेलं टेबल खरोखर त्यांचंच ठेवावं. सरावलेली मुलं प्रेमानेच बोलतात, पण नवखा माणूस विचार करत असताना त्याचं उत्तर तीच देऊन टाकतात.

खेळ चालवणाऱ्या तरुण मित्रांनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पात्रं तयार करून न्या, अर्ध्या पानावर मावतील अशी, मराठीत. नावाची जागा मात्र कोरी सोडा. नियम आधी वाचून दाखवू नका, गरज पडेल तेव्हा सांगा. आणि पहिला फासा जपून निवडा. पात्राच्या कौशल्याचा आकडा ५ असेल आणि काम १० चं असेल, तर वीसपैकी सोळा बाजू चालतात, म्हणजे ८० टक्के. कौशल्य शून्य आणि काम १५ चं असेल तर सहाच बाजू, ३० टक्के. नवख्याच्या हातात पहिल्यांदा फासा येतो तो या दुसऱ्या प्रकारचा नसावा. फसलाच, तरी गोष्ट अडू देऊ नका. कुलूप उघडेल, पण आवाज होईल. टेबलाच्या मध्ये फुली मारलेलं एक कार्डही ठेवा. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी सुचवलेली ही पद्धत आता अनेक ठिकाणी रूढ आहे. एखादा प्रसंग नकोसा झाला की त्या कार्डाला हात लावायचा, कारण सांगायची गरज नाही, आणि गोष्ट तिथून वळवायची. अनोळखी माणसांमध्ये बसलेल्या मुलीला याचा किती आधार वाटतो ते मी पाहिलं आहे.

मराठीत साहित्य नाही, ही अडचणही आता उरलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत. मूळ स्रोताचा उल्लेख करून कोणालाही त्यांचं भाषांतर करता येतं, छापता येतं, वाटता येतं.

तेव्हा आयोजकांना विनंती, की सभागृहाची आखणी करताना पहिल्या मजल्यावरचा एखादा रिकामा वर्ग, एक मोठं टेबल, सात खुर्च्या आणि दुपारचे तीन-चार तास या खेळासाठी राखून ठेवा. नवख्यांची पात्रं मी मराठीत तयार केली आहेत, ती कोणत्याही संस्थेला विनामूल्य देईन. येत्या मे महिन्यात अशी खोली कोणी दिली तर तिथे मी स्वतः खेळ चालवायला येईन. फासे माझ्याकडे पुरेसे आहेत.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक