डॉक्टर मॅडम, माझी उंची विचारल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही हसून "पुढचं कोण आहे?" म्हणता, म्हणून हे लिहून काढते आहे. आणि सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते, कारण आमच्या खानापूर तालुक्यात माझ्या वयाच्या बऱ्याच जणींच्या कपाटात हाडांच्या तपासणीचे कागद पडून आहेत. त्यांचं पुढे काय करायचं, हे फारशा कुणाला धड समजावून सांगितलेलं नाही.

माझा कागद मुलखाचा चकवणारा. कमरेच्या मणक्याचा टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड किती भरीव ते सांगणारा आकडा) उणे ०.६, म्हणजे चक्क नॉर्मल. खुब्याच्या मानेचा उणे २.३, म्हणजे हाड विरळ झालेलं, पण ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणायला उणे २.५ पर्यंत खाली जावं लागतं. एका ठिकाणी मला सांगितलं, काही झालेलं नाही, कॅल्शियम घ्या, दोन वर्षांनी बघू. दुसऱ्या ठिकाणी दर सहा महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनची चिठ्ठी हातात पडली, का ते विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला होता. पुण्याचा मुलगा मोबाईलवर अशा औषधांनी जबड्याचं हाड कुजल्याचे फोटो बघून घाबरलेला. तो म्हणाला, आई, काहीच घेऊ नकोस. शेजारच्या वैनींचा निकाल सर्वांत सोपा: "नाचणी खा की गप. टोचून कशाला घेतीस?"

अशा अवस्थेत मी तुमच्याकडे आले. (बेळगावच्या फेऱ्यांचा मला भार वाटला नाही तो कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे. २०२३ पासून आम्हा बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीटच नाही. नाहीतर तिसरं मत घ्यायला कोण जातंय!)

तुम्ही पहिलं पान बाजूला सारलंत आणि दुसरं काढलंत, जे तोवर कुणी उलटलंच नव्हतं. त्यावर कमरेच्या एकेका मणक्याचा, वरून खाली मोजत, आकडा सुटा होता. एल-१ उणे १.९, एल-२ उणे १.५, आणि पुढे एल-३ अधिक ०.२, एल-४ अधिक ०.६. तुम्ही पेनाने दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये रेघ मारलीत आणि म्हणालात, "टीचर, शेजारशेजारच्या मणक्यांत एवढा फरक नसतो." खालच्या दोन मणक्यांना झिजेमुळे हाडाची टोकं फुटली आहेत, मशीनला ती जादा हाड म्हणून दिसतात आणि आकडा फुगतो, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. दोन पोरं नापास, दोघांनी कॉपी करून भरघोस मार्क घेतलेले, आणि सरासरी काढून आख्खा वर्ग पास, असा तो उणे ०.६ होता. जन्म शाळेत गेल्यामुळे हे मला लगेच पटलं.

पण त्याहून मोठं काम तुम्ही एका साध्या प्रश्नाने केलंत. "नोकरीला लागताना उंची किती होती?" मला हसू आलं. कुणाच्या लक्षात राहते ती? तुम्ही म्हणालात, सर्व्हिस बुकात असेल की. घरी जाऊन ट्रंक उघडली. पहिल्याच पानावर, हेडमास्तरांच्या सहीच्या वर, निळ्या शाईत: उंची ५ फूट १ इंच, ओळखीची खूण डाव्या भुवईवर तीळ. तीळ जागेवर आहे. उंची मात्र तुमच्या भिंतीवरच्या पट्टीवर, चपला काढून, टाचा टेकवून, ४ फूट ११ इंच भरली. दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर. वयाने थोडी उंची घटतेच, पण तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरच्या वर घटली तर मणका चेपला आहे का ते बघावंच लागतं, असं सांगून तुम्ही पाठीचा बाजूने एक्स-रे काढायला लावलात.

डी-१२. छाती संपून कंबर सुरू होते तिथला मणका, पुढून चेपून पाचरीसारखा झालेला. डेक्सा, म्हणजे हाडांची ती तपासणी, एल-१ पासून मोजते, त्यामुळे त्या कागदावर तो कुठे नव्हताच. तुम्ही विचारलंत, कधी जोराची पाठ धरली होती का? धरली होती. तांदळाचं पोतं नुसतं कडेला सरकवताना कट्‌ झालं होतं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून उसण भरली असं ठरवलं. शेक, लेप, महिनाभर कण्हणं, आणि मग विसरून जाणं. तुम्ही सांगितलंत की मणक्याची अशी बरीच फ्रॅक्चर कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. पडल्याशिवाय, आपटल्याशिवाय मणका मोडला, की मग टी-स्कोर उणे २.५ च्या वर असला तरी तो ऑस्टिओपोरोसिसच. शिवाय माझ्या आईचा खुबा अंगणातल्या शेवाळावर घसरून मोडला होता, तेही तुम्ही विचारून घेतलंत. तेवढ्याने "औषध घ्यायचं का" हा प्रश्न संपला. "कोणतं" हा उरला, आणि त्याला तुम्ही जेवढा वेळ दिलात तेवढा माझ्या पोटच्या पोरांनीही दिला नसता.

आठवड्याची गोळी, अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, सगळ्यांत स्वस्त आणि जुनीजाणती. पण उठल्या उठल्या उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. चहाचं मी जमवलं असतं. माझी अन्ननलिका जळजळीने आधीच पोळलेली असते, तिथे ही गोळी अडकून बसली तर आगीत तेल, हे तुम्हीच सांगितलंत. जाता जाता मी वर्षानुवर्षं सकाळी घेत असलेली अ‍ॅसिडिटीची गोळीही तपासलीत. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांत फ्रॅक्चर जास्त दिसतात, त्यामुळे खरंच लागते का ते बघू, म्हणालात. ती कोणी सुरू केली होती हे मला आठवेना, तुम्हीही खोदून विचारलं नाहीत.

सहा महिन्यांचं इंजेक्शन, डेनोसुमॅब, वाईट नाही, उलट चांगलं आहे, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. पण ते चुकवता येत नाही. पुढचा डोस लांबला किंवा मधेच सोडला, की दाबून धरलेली झीज उसळून येते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. बंद करायचंच असेल तर मागोमाग दुसरं औषध द्यावं लागतं. मी पावसाळ्यात गावी, दिवाळीनंतर मुलाकडे, मधे लेकीच्या बाळंतपणाला अशी फिरती बाई. ज्याने चिठ्ठी दिली त्याने यातलं अक्षर काढलं नव्हतं.

रोज पोटावर टोचायचं टेरिपॅराटाइड नवं हाड तयार करतं, ते फार मोडतोड झालेल्यांसाठी राखून ठेवतो, म्हणालात. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं हे ऐकून मला आमच्याकडची पावसाळ्यातली लाईट आठवली आणि मी लगेच नकाराची मान हलवली.

उरलं वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, ५ मिलिग्रॅम. २००७ च्या मोठ्या चाचणीचे आकडे तुम्ही टक्क्यांत न सांगता माणसांत सांगितलेत, याचं मला फार बरं वाटलं. तीन वर्षांत औषध न घेतलेल्या शंभर बायकांपैकी अकरा जणींच्या मणक्यात नवं फ्रॅक्चर दिसलं, घेतलेल्यांपैकी तिघींच्या. खुब्यात फरक लहान, शंभरात अडीचाचे दीड. मी विचारलं, म्हणजे बाकीच्या बायकांनी उगीच घेतलं? तुम्ही म्हणालात, "हो, पण त्या कोण हे आधी कळत नाही." दुसऱ्या कुणी मला एवढं खरं सांगितलं नसतं.

जबड्याचंही टाळलं नाहीत. हाडांच्या या डोसात तो प्रकार फार क्वचित, पण दात काढायचा असेल तर आधी काढा. म्हणून मागची किडकी दाढ आधी गेली, हिरडी भरून येईपर्यंत थांबलो. क्रिएटिनिन बघितलंत, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर हे औषध चालत नाही. ड जीवनसत्त्व तळाला होतं. ते कमी असताना हे औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं, म्हणून आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी आधी संपवायला लावलीत. इंजेक्शनची घाई करणाऱ्यांनी यातलं एकही विचारलं नव्हतं.

सलाईन चढायला चहा थंड होईल एवढाच वेळ लागला. रात्री ताप आला, अंग असं ठणकलं की वैनी "मी सांगितलं नव्हतं?" म्हणायला दारात हजर. पण तुम्ही आदल्या दिवशीच पॅरासिटामॉल लिहून, "दोन-तीन दिवस असं होईल, घाबरायचं नाही, पुढच्या वेळी कमी होतं" असं बजावून ठेवलं होतं. सून शांत, मी शांत. वैनींचा मान म्हणून नाचणीची आंबील रोज पिते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा त्यांचंही अगदीच खोटं नाही. फक्त मोडलेल्या मणक्याला आंबील पुरत नाही.

पुढची डेक्सा त्याच मशीनवर करायची, दोन मशीनचे आकडे एकमेकांशी जुळवायचे नाहीत, हे मी मुलालाही लिहून पाठवलं आहे. तो पुण्यात करून घेऊ म्हणत होता. आकडा फारसा चढला नाही तरी नाराज व्हायचं नाही, नवं काही मोडलं नाही ना हे बघायचं, हेही लक्षात आहे. तीन सलाईननंतर थांबायचं की चालू ठेवायचं ते तेव्हा एक्स-रे बघून ठरवू, असं आपलं ठरलंय.

एक विनंती. माझी निपाणीची नणंद पुढच्या सोमवारी तुमच्याकडे येते आहे. दम्यासाठी तिने स्टिरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं घेतल्या आहेत. तिचाही रिपोर्ट "मिक्स" आहे. तिच्याकडे सर्व्हिस बुक नाही, पण जुना पासपोर्ट सापडतो का बघ म्हणून सांगितलंय, त्यात उंची नसली तर लग्नातला फोटो आण म्हटलंय, माझ्या शेजारी उभी असलेला. जरा जास्त वेळ ठेवा. ती फार बोलते.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका