नोटीस बोर्डाची किल्ली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथालय परिचर आहे. पुस्तकं रॅकवर लावणं, देवघेवीच्या खिडकीवर बसणं आणि बाहेरच्या काचेच्या नोटीस बोर्डाची किल्ली सांभाळणं ही माझी कामं. पूर्वी त्या किल्लीला उसंत नसायची. सकाळी ऑफिसातून सहीशिक्क्याचे कागद यायचे, मी काच सरकवून टाचण्या लावायचो आणि मुलं माझ्या खांद्यावरून डोकावून वाचायची. आता आठवडा आठवडा ते कुलूप उघडत नाही. सगळ्या सूचना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातात.

ग्रुपला माझा विरोध नाही. पावसानं सुट्टी पडली तर काटोलहून निघालेल्या पोराला बसमध्येच कळतं, हे बोर्डाला कधी जमलं नसतं. पण ग्रुप आला म्हणून बोर्ड बंद झाला आणि काही माणसं सूचनेच्या बाहेर राहिली. त्यांच्यासाठी हे पत्र.

मागच्या हिवाळ्यात कुहीकडून येणारी बी.ए.ची एक मुलगी दुपारी खिडकीशी येऊन उभी राहिली. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी दाखवून परत आला होता, कारण उत्पन्नाचा दाखला जुना जोडला गेला होता. मूळ कागद घेऊन या, ही सूचना ग्रुपवर रात्री साडेनऊला पडली आणि वेळ दिली दुसऱ्या दिवशी एकपर्यंतची. तिच्या घरी मोबाइल एकच, तो वडिलांजवळ आणि वडील रात्रपाळीला. मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात सेतू केंद्रातून आणलेला नवा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, आधार कार्ड. एकही कागद कमी नव्हता. ‘काका, आता घेतील का हो?’ एवढंच ती विचारत होती. मी तिला घेऊन ऑफिसात गेलो. पोर्टलची तारीख शिल्लक होती म्हणून काम झालं. नसती तर तिचं वर्ष कोणी भरून दिलं असतं?

तीच गत एसटीच्या पासाची. मासिक पास काढला की विद्यार्थ्याला भाड्याचा एक तृतीयांश हिस्साच भरावा लागतो. रोज येणं-जाणं करणाऱ्या घराला तो केवढा आधार असतो, हे महिनाअखेरीस ज्यांनी खिसा चाचपला आहे त्यांना ठाऊक आहे. पण फॉर्मवर महाविद्यालयाचा सहीशिक्का लागतो आणि तो कोणत्या खोलीत, किती वाजता, कोणाकडे मिळतो हे कुठेच लिहिलेलं नाही. जुलैत दिवसाला दहा मुलं मला तेच विचारतात. मी सांगतो, पण मी रजेवर असलो की त्यांनी कोणाला विचारायचं?

कार्यक्रमांच्या बाबतीत तर मला फार वाईट वाटतं. रक्तदान शिबिराचं नुसतं फोटोंचं पोस्टर ग्रुपवर फिरलं. वय 18 पूर्ण हवं, वजन निदान 45 किलो हवं, हिमोग्लोबिन 12.5 हवं, आधीच्या रक्तदानाला मुलांचे तीन आणि मुलींचे चार महिने झालेले हवेत, आणि खाऊन यायचं, यातलं एक अक्षर त्यावर नव्हतं. मुलं हौसेनं आली आणि वजनकाट्यावरूनच परत फिरली. एक मुलगी सकाळपासून उपाशी होती. रांगेतच तिला भोवळ आली. तिला ग्रंथालयाच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं, माझ्या डब्यातली पोळी खाऊ घातली. चार ओळी कागदावर असत्या तर ती घरून जेवून आली असती.

आणि आम्ही कर्मचारी? आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाया आणि फाटकावरचे गार्ड कंत्राटी आहेत. ते कोणत्याच ग्रुपमध्ये नाहीत. कर्मचाऱ्यांची मोफत रक्तदाब आणि साखर तपासणी झाली, तेव्हा ज्या बाईंनी सकाळी तो हॉल झाडून खुर्च्या मांडल्या त्यांना तपासणी आपल्यासाठीही आहे हे टेबलं उचलताना कळलं. त्यांना साखरेचा त्रास आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्या मनातून ते जात नाही.

काही कागद तर कायद्यानंच लावावे लागतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सांगतो, की अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावा. आमच्या बोर्डावर तो आहे, पण त्यातल्या एक मॅडम निवृत्त झाल्या आणि एकींची बदली झाली. अडचणीत सापडलेल्या मुलीनं त्या कागदावर विसंबून कोणाचं दार ठोठवायचं? रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा 1800-180-5522 हा नंबरही मोठ्या अक्षरात हवा, कारण तो लागतो तेव्हा शोधायला वेळ नसतो.

शहरातल्या सगळ्या प्राचार्यांना आपल्या दैनिकातून माझी हात जोडून विनंती आहे. ग्रुपवर जाणारी प्रत्येक सूचना त्याच दिवशी मराठीत बोर्डावरही लावा. त्यावर तारीख, खोली, वेळ आणि भेटायच्या माणसाचं नाव असू द्या. मुदत निदान तीन दिवसांची द्या, म्हणजे गावाकडच्या लेकरांना तहसीलची एक फेरी मारता येईल. एक बोर्ड फाटकाजवळ सायकल स्टँडपाशी असू द्या, तिथून बाया आणि गार्डही जातात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सुपरवायझरनं तोंडी सांगावं.

माझ्या बोर्डाचं हिरवं कापड उन्हानं विटलं आहे, टाचणी धरत नाही. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते बदलून घेणार आहे. काच पुसून ठेवतो. जून उजाडला की ऑफिसानं कागद तेवढे पाठवावेत.

आपला,
एक ग्रंथालय परिचर, नागपूर