पैसे एचडीचे, चित्र चौकोनांचे

प्रति,
मा. नोडल अधिकारी,
डीटीएच ग्राहक सेवा विभाग

विषय : नवीन चॅनेल वाढवल्यापासून जुन्या एचडी चॅनेलचे चित्र फुटत असल्याबाबत.

महोदय,

आपण एचडी यादीत नवीन चॅनेल घातल्याची जाहिरात झाली, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या खेळांच्या एचडी चॅनेलवर मैदानातलं गवत चौकोन चौकोन होऊन फुटतंय. कॅमेरा जोरात फिरला की चेंडू दिसत नाही. आमची मंगळवार पेठ. इथं फुटबॉल कसा बघतात ते आपल्या कोल्हापूरच्या वितरकाला विचारा.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं : पावसामुळे होतं, डिश हलली असेल. साहेब, पाऊस आम्हाला सांगू नका. जुलैत जोराची सर आली की कू-बँडचा, म्हणजे डीटीएच ज्या लहरींवर येतं त्यांचा, सिग्नल पडतो, पडद्यावर ‘सिग्नल नाही’ येतं आणि सर ओसरली की चित्र परत येतं. त्याबद्दल आम्ही कधी तक्रार केली नाही. हे मात्र कडक उन्हात होतं. आपल्याच माणसानं सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, सिग्नलची ताकद आणि दर्जा दोन्ही चांगले. बातम्या देणारी बाई स्वच्छ दिसते, पळणारा खेळाडू फुटतो. तरी तो एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी असलेला सिग्नल पकडणारा भाग, बदलायला सांगून, भेटीचे पैसे घेऊन गेला आणि मोबाइलवर ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला.

दोष छतावरच्या डिशमध्ये नाही, वर उपग्रहावरच्या जागेत आहे. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरमधून, म्हणजे चॅनेल खाली पाठवणाऱ्या यंत्रातून, ठरावीकच डेटा जातो. त्यावरचे चॅनेल तो वाटून घेतात, ज्याच्या चित्रात हालचाल जास्त त्याला त्या क्षणी जास्त मिळतो. एकाच वेळी दोन-तीन सामने लागले की सगळेच जास्त मागतात. ट्रान्सपॉन्डर न वाढवता चॅनेल वाढवणं म्हणजे पाहुणे वाढले म्हणून तांबड्या रश्श्यात पाणी ओतणं.

एसडीच्या, म्हणजे साध्या दर्जाच्या चित्राच्या, ७२० × ५७६ च्या तुलनेत एचडीच्या १९२० × १०८० मध्ये पाचपट चित्रबिंदू असतात. नेटवर्क शुल्काच्या हिशोबात एक एचडी चॅनेल दोन एसडी धरला जायचा, शिवाय एचडी पॅकचे पैसे वेगळे. मग त्याला डेटा किती देता?

‘उपग्रहावर जागाच मिळत नाही’ असंही एका प्रतिनिधीनं सांगितलं. जून २०२२ मध्ये जीसॅट-२४ उपग्रह अवकाशात गेला. त्यावरचे २४ कू-बँड ट्रान्सपॉन्डर एका डीटीएच कंपनीनं सगळेच्या सगळे घेतले. आधी मागणी नोंदवली की जागा मिळते, असाच त्याचा अर्थ. एसडी चॅनेल बंद करून जागा काढा असं मी म्हणणार नाही, आमच्या आईकडे अजून फक्त एसडी दाखवणारा जुनाच बॉक्स आहे. पण आपल्या स्वतःच्या गाण्यांच्या आणि पाककृतींच्या चॅनेलांनी किती जागा अडवलीय, ते एकदा बघा.

नवीन चॅनेल घालताना ट्रान्सपॉन्डर वाढवला का, आणि खेळांच्या एचडी चॅनेलला आता सेकंदाला किती मेगाबिट डेटा मिळतो, हे लेखी कळवावं. चित्र सुधारेपर्यंत एचडी पॅकचे पैसे घेऊ नयेत, घेतलेले खात्यात परत जमा करावेत. तंत्रज्ञाच्या भेटीचेही. नाहीतर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पुन्हा एलएनबीवाला पाठवून खुळ्यात काढू नका.

कळावे,
आपला ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत : चित्र फुटतानाचे आणि त्याच वेळच्या सिग्नल मीटरचे फोटो, भेटीच्या पैशांची पावती.