जांभळी नाक्यावरच्या मावशींना

मावशी, नमस्कार.

फोनवर आलेलं नात तुम्हांला रात्री वाचून दाखवते, असं तुम्हीच परवा म्हणालात. म्हणून हे लिहायला बसले. चारचौघांना वाचता येईल असंच लिहिते आहे, कारण ठाण्यात तुमच्याकडून भाजी नेणाऱ्या कितीतरी जणी आहेत आणि घरी जाऊन ती कशी झाली हे तुम्हांला सांगायचं आमच्याकडून राहूनच जातं.

जूनमधली ती सकाळ तुम्हांला आठवत असेल. आम्ही पाच मैत्रिणींनी ठरवलं होतं, दर पंधरा दिवसांनी शनिवारी एकत्र स्वयंपाक करायचा आणि ठाणे, पालघर, रायगड या तीन जिल्ह्यांत जे पिकतं, उगवतं, तेवढंच चुलीवर चढवायचं. तांदूळ वाडा कोलम, नारळ आणि पांढरा कांदा अलिबागकडचा. तेल, हिंग, मोहरीला सूट. पहिल्या शनिवारी हौसेने शेवळं, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला रानात उगवणारी कोंबांसारखी भाजी, आणली, दुसऱ्या कुठूनतरी. साफ कशी करतात हे पाचांपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. धुतली, चिरली, फोडणीला टाकली. दुसऱ्या घासाला सगळ्यांचे घसे खवखवायला लागले, एकीचे ओठ सुजले. गूळ खाल्ला, ताक प्यायलो, रात्रीपर्यंत आराम नाही. टोपभर भाजी टाकताना फार वाईट वाटलं. दोघी तर म्हणाल्या, हे आपलं काम नाही, बंद करू या.

पुढच्या आठवड्यात मी तुमच्या पाटीसमोर उभी राहिले तेव्हा तुम्ही एकच विचारलं, "काकडं घातलीवती का?"

काकडं म्हणजे शेवळांत घालायची आंबट रानफळं, हेही मला ठाऊक नव्हतं. मी गप्प. मग तुम्ही एक शेवळ उचललंत. वरचं तपकिरी-जांभळट आवरण सोललंत, आतल्या दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग नखाने खरवडून बाजूला टाकलात. "ह्यो ठेवायचा नाय, ह्योच खाजवतो." हाताला तेल लावून बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं, काकडं उकडून त्यांचा कोळ घालायचा आणि मऊ होईस्तोवर शिजवायचं. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी तुम्ही दुसरं शेवळ माझ्या हातात दिलंत आणि माझ्याकडून ते साफ करून घेतलंत. ओंजळभर हिरवी काकडं पिशवीत टाकलीत. पैसे विचारले तर म्हणालात, "आधी करून बघ."

केली. १ जूनपासून समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी दोन महिने बंद असते, म्हणून ताज्या कोलंबीऐवजी सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घातले, जोडीला भिजवलेली चण्याची डाळ. डाळ तीन जिल्ह्यांतली नव्हती, हे कबूल करते. पुढच्या खेपेला वाल घेतले. कुणाचाही घसा खवखवला नाही. बंद करू म्हणणाऱ्या दोघींनी टोप पुसून घेतला.

त्यानंतरचा सगळा पावसाळा आमचा स्वयंपाक तुमच्या पाटीने ठरवला. भारंगीचा पाला उकडून पिळून घ्यायचा, नाहीतर कडू लागतो. टाकळा कोवळा असेतोवरच. फोडशीचा बुडाकडचा पांढरा भाग आणि मधला ताठ दांडा काढायचा, आणि माती जाईपर्यंत तीनचार पाण्यांतून धुवायची. कंटोळी बिया जून झालेली घ्यायची नाहीत.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो जुलैच्या शेवटचा शनिवार. मी फोडशीची जुडी उचलली आणि तुम्ही ती माझ्या हातातून परत घेतलीत. "निबर झाली आता. तुला नाय द्यायची." पहाटे शहापूरच्या पुढून कसारा लोकल धरून, डोक्यावर ओझं घेऊन येणारी बाई विकायला आणलेली भाजी परत घेते, हे मी आजवर कुठल्या बाजारात पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी तुम्ही म्हणालात की शेवळं काढताना सगळी काढत नाही, काही उभी ठेवता, म्हणजे पुढल्या साली मिळतात. आम्ही तीन जिल्ह्यांच्या हद्दी आखत बसलो होतो. कुठलं रान कितपत देऊ शकतं, याचा विचार तोवर आमच्या डोक्यात आलाच नव्हता. तेव्हापासून एका जेवणाला एकच रानभाजी करतो, आणि लागेल तेवढीच घेतो.

ऋषिपंचमीला माझ्या सासूबाई आमच्यात येऊन बसल्या. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खात नाहीत. तुम्ही निवडून दिलेला अळू, लाल माठ, अंबाडी, सुरण, मक्याची कणसं एकाच पातेल्यात शिजली, वर ओलं खोबरं. सासूबाईंनी भाजी तोंडात घेतली आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, आईच्या हातची अशीच असायची. माहेर त्यांचं मुरबाडकडचं. लग्नानंतर ही चव मिळाली नव्हती.

मावशी, हे सगळं तुमचं देणं आहे. भाजीचे पैसे आम्ही दिले; उभ्या उभ्या शिकवलंत, त्याचे तुम्ही कधी घेतले नाहीत. मनापासून आभार.

पितृपक्ष संपला की पहिल्या शनिवारी पाटी रिकामी झाल्यावर आमच्याकडे जेवायला या. घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे, मी न्यायला येते. नातीलाही आणा. भात वाडा कोलमचाच असेल, आणि त्या ओंजळभर काकडांचे पैसे मी तेव्हा देणार आहे.

तुमची,
नेहमी दोन वाटे नेणारी