रविवारी त्याला मार्क विचारू नकोस

स्कारबरो, टोरंटो

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "दादरच्या शाळेत पहिल्या पाचात असायचा, मग तिकडे गेल्यावरच काय झालं?" तुझा नातू शेजारीच होता, उठून आत गेला. त्याच्यासमोर बोलता आलं नाही म्हणून लिहिते.

पोर आळशी झालेलं नाही गं. खाली मुलांशी धडाधड इंग्रजी बोलतो, म्हणून मलाही वाटायचं, भाषा तर आली, मग अभ्यासालाच काय होतंय? इथल्याच टोरंटो विद्यापीठातल्या जिम कमिन्स यांनी १९८१ मध्येच दाखवून दिलंय, की बाहेरून आलेल्या मुलांना बोलण्यापुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते. वर्गातल्या बाकीच्यांइतकी पुस्तकी इंग्रजी यायला मात्र पाच ते सात वर्षं जातात. आम्हाला येऊन दीडच वर्ष झालंय. बाष्पीभवन त्याला मुंबईतच पाठ होतं. तोच प्रश्न इंग्रजीत आला की गप्प. गप्प बसणाऱ्याला येत नाही असंच सगळे धरतात, आणि आता तोही तसंच धरून बसला होता.

पण भाषेचं निम्मंच. उरलेलं माझं आहे, आई. तिकडे बालवाडीच्या बाई म्हणून मान होता, इथे मी गोदामात खोकी भरते. तुला सांगितलं नव्हतं. रात्री पाठ धरलेली असते, आणि वही कोरी दिसली की तोंडून निघायचंच, "तुझ्यासाठीच आलो ना इथे?" रोज.

नोव्हेंबरात त्याच्या बाईंना भेटायला गेलो. त्यांचं भरभर बोलणं मला कळेना, तर तोच मराठीत सांगत होता. बाई बराच वेळ बोलल्या. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे म्हणतात." परतताना बसमध्ये हातमोज्याचा धागा ओढत राहिला, अख्खा अंगठा उसवला. मग म्हणाला, "मी वर्गात हात वर करत नाही, असं म्हणाल्या. तू रडशील म्हणून नाही सांगितलं."

दहा वर्षांचं पोर. सगळा जीव मला सांभाळण्यात लागलेला, अभ्यासाला उरणार काय?

ते वाक्य मी सोडलंय. एकदा जिभेवर आलं होतं, गिळलं.

आणि बाबांना मुद्दाम सांग, गेल्या आठवड्यात वर्गात अपूर्णांक निघाले. सात वेळा पाव म्हणजे किती? बाकीची मुलं कागदावर गोल काढत होती, याने तोवर मनातल्या मनात "सात पाव पावणेदोन" म्हणून हात वर केला. कसं आलं विचारल्यावर गिरगावच्या चाळीतली गॅलरी, आजोबा, त्यांनी शिकवलेली पावकी म्हणजे पाव-पावचा पाढा, सगळं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी फळ्यावर लिहायला लावली. मला घरी तीनदा ऐकवलं.

तेव्हा रविवारी मार्क विचारू नकोस. बाबांना आता निमकी, अर्ध्याचा पाढा, सुरू करायला सांग, त्यानेच मागितली आहे.

गोदामाचं त्यांना तूच सांग. मला फोनवर जमायचं नाही.

तुझी,
लेक